गाजरगवतावर टाकळा : एका सल्ल्याची उलटतपासणी

गाजरगवत हटवायचं असेल तर टाकळा पेरा, हा सल्ला तुम्ही कुठे ना कुठे वाचलेला असणारच. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजरगवत जनजागृती सप्ताह असतो. त्या आठवड्यात जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयापासून तालुक्याच्या कृषी कार्यालयापर्यंत पत्रकं निघतात. उपटा, फुलं येण्याआधी उपटा, हातमोजे घाला, मेक्सिकन भुंगे सोडा, आणि शेवटच्या ओळीत: टाकळा, म्हणजेच तरोटा, पेरून गाजरगवताला हटवा. ही शेवटची ओळ मला वाचायला फार आवडायची. देशी रोपटं, फुकट मिळणारं बी, फवारणी नाही, मजुरी नाही. काट्यानं काटा काढायचा. पण संशोधनाच्या कामात एक सवय लागते. जी गोष्ट ऐकायला फार गोड वाटते, तिच्या मुळाशी कुठला प्रयोग आहे ते शोधायचं. आज तेच करू.

निमित्तही तसंच आहे. बारामतीजवळच्या कन्हेरी परिसरात मी गवताळ माळांवर काम करते. तिथल्या काही तरुणांनी पुढच्या मे महिन्यात एका गायरानावर टाकळ्याचं बी फेकायचं ठरवलंय. दोन पोती शेंगा गोळाही करून झाल्यात. "ताई, तुम्ही गवतावरच पीएचडी करताय ना, एकदा बघून सांगा," असं म्हणून त्यांनी मूठभर शेंगा हातावर ठेवल्या. त्या शेंगांकडे आपण पुढे येऊच. आधी मुळात हा सल्ला कुठून आला ते बघू.

गाजरगवत, काँग्रेस गवत, चटक चांदणी, नावं कितीही असली तरी झाड एकच, पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ घर अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात. भारतात त्याचा पसारा ठळकपणे नोंदला गेला तो पुण्यात, १९५५ साली. म्हणजे हे तण देशभर गाजलं त्याची पहिली नोंद आपल्याच जिल्ह्याची. (अंगाला खाज सुटून त्वचा सोलवटते, तो विकारही वैद्यकीय साहित्यात आधी पुण्यातल्या रुग्णांवरूनच गाजला.) ओल मिळाली की ते वर्षातून कितीही वेळा उगवतं, महिनाभरात फुलावर येतं, आणि एका मोठ्या झाडावर हजारोंनी बी धरतं. हा "कितीही वेळा" शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८० च्या दशकात बंगळूरच्या आसपास एक निरीक्षण झालं. खाणींच्या आणि रस्त्यांच्या कडेला एक दुसरं रोपटं गाजरगवताला मागे ढकलत होतं. महादेवप्पा आणि जोशी या संशोधकांनी १९८६ साली 'करंट सायन्स'मध्ये त्यावर छोटासा लेख लिहिला. पुढे जोशींनी १९९१ मध्ये त्याच विषयावर आणखी काम प्रसिद्ध केलं. त्यांनी मांडलेली यंत्रणा दुहेरी होती. पहिल्या पावसात हे रोपटं एकदम दाट उगवतं आणि गाजरगवताच्या जमिनीलगत पसरलेल्या कोवळ्या पानांच्या चक्रावर सावली धरतं. नंतर त्याची पानं गळतात, आणि त्यांतून पाझरणारी द्रव्यं गाजरगवताच्या पुढच्या उगवणीत अडथळा आणतात. काम चांगलं आहे. कुंडीत नाही, उघड्या जमिनीवर केलेलं आहे, एका हंगामावर न थांबता केलेलं आहे. मला त्याच्याबद्दल आदर आहे.

फक्त ते रोपटं टाकळा नव्हतं.

ते होतं कॅसिया सेरिसिया, म्हणजे आजचं सेना युनिफ्लोरा. गोत्र टाकळ्याचंच, सेना. दिसायला भाऊबंद. पण मूळ घर अमेरिका, गाजरगवताचंच. म्हणजे ज्या प्रयोगाच्या जोरावर आपण "देशी वनस्पती विदेशी तणाला हरवते" असं सांगतो, तो प्रयोग एका विदेशी तणानं दुसऱ्या विदेशी तणाला हरवल्याचा आहे. पत्रकात येताना कॅसिया सेरिसियाचं "कॅसिया" झालं, कॅसियाचा "तरोटा" झाला, आणि तरोटा म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर टाकळ्याची भाजीच येणार. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तीन टप्प्यांत नावं बदलत गेली की असं होतं.

टाकळ्यावर प्रयोग झालेच नाहीत असंही नाही. झालेत. पण मी वाचलेले बहुतेक दोन प्रकारचे आहेत, आणि दोन्ही प्रकारांची मर्यादा समजून घेण्यासारखी आहे.

पहिला प्रकार, पेट्री डिश. टाकळ्याची पानं वाटायची, अर्क काढायचा, तो कागदावर ओतून त्यावर गाजरगवताचं बी ठेवायचं. बी कमी उगवतं. निष्कर्ष: टाकळ्यात गाजरगवत रोखणारी रसायनं आहेत. गंमत अशी की याच पद्धतीनं तुम्ही निंबाचा पाला, कांद्याची पात, अगदी गाजरगवताचा स्वतःचा पाला वाटून ओतला तरी बरंचसं बी रुसतं. घट्ट अर्कात क्षार जास्त असतात, बीला पाणी ओढता येत नाही. आणि माळावर पान वाटून कोण ओततं? पान वाळतं, गळतं, पावसात भिजतं, मातीतले सूक्ष्मजीव त्याचा फडशा पाडतात. उरलेलं किती मुळापर्यंत पोचतं हा खरा प्रश्न. जॉन हार्पर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १९७७ च्या आपल्या जाडजूड पुस्तकात या "रासायनिक युद्धा"च्या दाव्यांवर बरीच शंका घेतली होती. सावली, पाणी आणि खत यांची साधी ओढाताण आधी बाजूला काढून दाखवा, मग विषाचं बोला, असा त्याचा रोख होता. मला तो अजूनही पटतो.

दुसरा प्रकार, कुंडी. इथे डच शास्त्रज्ञ द विट यानं १९६० मध्ये रूढ केलेली एक युक्ती वापरतात. समजा कुंडीत एकूण आठ रोपं. एकीत आठही गाजरगवताची, एकीत सहा-दोन, एकीत चार-चार, एकीत दोन-सहा, एकीत आठही टाकळ्याची. मग वजनं करायची. चार-चारच्या कुंडीत गाजरगवताचं वजन निम्म्याहून खूप कमी भरलं, तर टाकळा त्याला दाबतोय असं म्हणता येतं. पद्धत देखणी आहे. पण त्यात एक गृहीतक लपलेलं असतं: दोघंही एकाच दिवशी, सारख्या संख्येनं, सारख्या पाण्यावर शर्यतीला उभे राहतात.

माळावर तसं होत नाही, आणि बारामतीच्या माळावर तर मुळीच नाही.

आता इथला पाऊस बघा. कन्हेरी, काटेवाडी, लिमटेक, पुढे इंदापूरपर्यंतचा हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर, तोही लहरी. मेमध्ये वळवाची एखादी जोरदार सर येते. जूनमध्ये थोडं बरं, मग जुलै-ऑगस्टमध्ये नुसतं ढगाळ आणि वारा, आणि खरा पाऊस पुष्कळदा सप्टेंबरात, परतीचा. गाजरगवताच्या बीला फारशी कडक निद्रा नसते. वळवाच्या सरीवर ते लगेच उगवतं. टाकळ्याचं बी मात्र दगड. त्याच्या सालीतल्या पेशींचा एक थर इतका घट्ट असतो की पाणीच आत शिरत नाही. उन्हाळ्यात दिवसा तापणं, रात्री निवणं, असं आठवडेच्या आठवडे झालं की बीच्या एका ठरलेल्या नाजूक जागेवर साल सैल होते आणि मग पाणी आत जातं. तेही सगळ्या बियांचं एकदम नाही. काही यंदा, काही पुढच्या वर्षी, काही त्यानंतर.

म्हणजे शर्यत सुरू होते तेव्हा गाजरगवत आधीच दोन पावलं पुढे असतं. आणि शर्यतीचा शेवटही लांब आहे. टाकळा खरिपाचा पाहुणा. जूनमध्ये उगवून दिवाळीच्या आसपास वाळून जातो. त्यानंतर परतीच्या पावसाची ओल असते, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याचा पाझर असतो, उसाच्या कडेचे ओले बांध असतात. गाजरगवत "कितीही वेळा" उगवतं म्हणाले ना, ते इथे लागू पडतं. टाकळ्याची सावली उठली की रब्बीत ते परत हजर. बंगळूरच्या कामात या दुसऱ्या उगवणीला गळलेल्या पाल्यानं आळा घातल्याचं म्हटलंय. पण तो पाला युनिफ्लोराच्या दाट गालिच्याचा. आपल्या मुरमाड उतारावर पाला पडला तरी वाऱ्यानं बांधाला जाऊन लागतो, जागेवर थांबत नाही.

आणखी एक बारीकसा पण बोचणारा मुद्दा. बी पेरायची वेळ एप्रिल-मे, असं हीच पत्रकं सांगतात आणि ते बरोबर सांगतात. बी गोळा करायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. आणि जागृतीचा सप्ताह? ऑगस्ट. उपटण्यासाठी ऑगस्ट ठीक आहे, कारण तेव्हा तण फुलावर असतं आणि माती ओली असते. पेरणीचा सल्ला मात्र त्या आठवड्यात ऐकून कुणी उत्साहानं लगेच बी टाकलं, तर ते यंदा उगवणार नाही. टाकळ्याची ओळ पत्रकातून काढून दिवाळीनंतर वेगळी सांगितली तर जास्त उपयोग होईल.

टाकळा देशी आहे का

इथे थोडं थांबायला हवं, कारण सल्ल्याचं अर्धं आकर्षण "देशी" या शब्दात आहे.

सेना टोरा हे मूळचं कुठलं यावर याद्यांचं एकमत नाही. काही आंतरराष्ट्रीय याद्या त्याचं घर मध्य अमेरिकेत दाखवतात, काही भारतीय परकी-वनस्पतींच्या याद्यांतही ते नाव सापडतं, आणि काही जण त्याला आशियाचंच मानतात. गोंधळाचं एक कारण त्याचा सख्खा जुळा, सेना ऑब्ट्युसिफोलिया. लिनियसनं १७५३ मध्येच दोघांना वेगळी नावं दिली होती, पण नंतर पुष्कळ वर्षं अनेक अभ्यासकांनी त्यांना एकच मानलं. त्यामुळे जुन्या नोंदीत "कॅसिया टोरा" लिहिलं असेल तर नक्की कोण, हे वाळवलेला नमुना बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

माझा कल टाकळा इथला मानण्याकडे आहे, आणि कारण वनस्पतिशास्त्राच्या बाहेरचं आहे. आपल्या वैद्यकात चक्रमर्द, प्रपुन्नाड, एडगज ही नावं त्वचेच्या विकारांवरच्या औषधांत येतात, आणि ती चरक-सुश्रुतांइतकी जुनी आहेत. गजकर्णावर टाकळ्याचं बी ताकात वाटून लावणं हे आमच्याकडच्या आज्यांनाही ठाऊक असतं. कोलंबसाच्या हजारभर वर्षं आधी ज्या झाडाला इथे तीन-तीन नावं आहेत, ते अमेरिकेहून आलं म्हणायचं तर फार जोरदार पुरावा लागेल. आता, जुन्या नावाचं आजच्या झाडाशी लावलेलं नातं टीकाकारांच्या परंपरेतून आलंय, हे मान्य. तरीही पारडं इकडेच झुकतं.

पण समजा देशी आहे. म्हणून तो माळावर पेरायला योग्य ठरतो का? "देशी" या शब्दानं आपण जन्मदाखला तपासतो, वागणूक नाही. टाकळा हा उकरलेल्या, खत पडलेल्या, तुडवलेल्या जागेचा रहिवासी. उकिरडा, रस्त्याची कड, पडकं घर, कालव्याचा भराव. मोकळी जागा दिसली की सगळ्यात आधी येणारा. असल्या झाडांना आम्ही आद्य वसाहतकार म्हणतो. उघडी जखम बुजवायला ती येतात. धड असलेल्या कातडीवर त्यांना नेऊन लावायचं काही कारण नाही. विदर्भात सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला विचारा, तरोटा खुरपून खुरपून त्याचा हात दुखतो. त्याच्यापुढे हा सल्ला वाचला तर तो हसेल.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. टाकळा शेंगा धरतो, म्हणजे द्विदल, म्हणजे जमिनीत नत्र साठवणार, असं सर्रास लिहिलं जातं. सेना या गोत्राच्या मुळांवर नत्राच्या गाठी होतच नाहीत म्हटलं तरी चालेल. टाकळा उपटून मुळं धुऊन बघा, कोरी असतात. शेजारी उन्हाळी असेल, काही जण तिला शरपुंखा म्हणतात, ती उपटून बघा. तिच्या मुळांवर गाठी सापडतील. जमीन सुधारायला माळावरचं देशी झाडच हवं असेल तर तिचा विचार आधी करावा.

मेंढराला काय

कन्हेरीच्या त्या गायरानावर एक मेंढपाळ मामा भेटतात. शेंगा गोळा केल्याचं कळल्यावर त्यांनी मला विचारलं, "ताई, ह्ये काढून त्ये लावलं. मेंढराला काय?" माझ्या मते या विषयावरच्या अर्ध्या साहित्यात हा प्रश्नच नाही.

गाजरगवत मेंढरं खात नाहीत. टाकळाही ओला असताना जनावरं तोंड लावत नाहीत, वास उग्र असतो; आणि बी जास्त पोटात गेलं तर गुरांना बाधतं. म्हणजे चाऱ्याच्या दृष्टीनं एक न खाल्लं जाणारं झाड जाऊन दुसरं न खाल्लं जाणारं झाड आलं. माणसाला फरक पडतो, नाही असं नाही. टाकळ्यानं अंगाला खाज येत नाही, दमा बळावत नाही, जूनमध्ये कोवळ्या पानांची भाजी होते, आणि पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या त्यावर वाढतात. शाळेच्या कुंपणापाशी, दवाखान्याच्या मागे, वस्तीच्या उकिरड्यावर गाजरगवताऐवजी टाकळा असणं केव्हाही बरं. तिथे मी स्वतः पेरीन.

गायरान वेगळं. हा माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे मी मागेही लिहिलंय, परत लिहिते. बारामती-इंदापूरच्या माळांवर लांडगा आहे, चिंकारा आहे, माळढोकाच्या आठवणी नसल्या तरी धाविक, चंडोल आहेत. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, १९९७ पासूनचं. कडबनवाडी आणि शिर्सुफळला २०२४ मध्ये वनविभागानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. हे सगळं ज्या पायावर उभं आहे तो पाया म्हणजे गवत. पवन्या, मारवेल, कुसळी, आणि त्यांच्यामध्ये पावसाळ्यात डोकं काढणाऱ्या शेकडो लहान वनस्पती. द्वीपकल्पाच्या सवाना माळांवर फक्त भारतातच सापडणाऱ्या २०६ वनस्पती असल्याचं २०२२ च्या एका अभ्यासात मांडलंय. अशा ठिकाणी कंबरेएवढा, दाट सावली धरणारा टाकळा फेकला तर त्याची सावली फक्त गाजरगवतावर पडेल असं कोण सांगणार? तो निवड करत नाही. आणि बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. आज फेकलेली मूठ परत गोळा करता येत नाही.

गाजरगवताला माळावर खरं कोण अडवतं? उभं गवत. ज्या ठिकाणी गवताचे ठोंब दाट आहेत तिथे गाजरगवत तुरळक असतं. जिथे जेसीबी फिरला, मुरूम उचलला, रस्ता काढला, किंवा एकाच जागी वर्षभर जनावर बसलं, तिथे ते माजतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये स्टीव्ह ॲडकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं: कुठली चाऱ्याची झाडं गाजरगवताला दाबू शकतात. चांगल्या ठरलेल्यांत आपल्या ओळखीची दोन नावं आहेत. एक गोकर्ण. दुसरं बफेल गवत, म्हणजे आपलं अंजन. गंमत बघा, अंजन आपल्याकडे इथलं आणि उपयोगाचं, ऑस्ट्रेलियात मात्र तेच बाहेरून येऊन डोक्यावर बसलेलं. "देशी" हा शब्द जागा सांगितल्याशिवाय अर्धवटच असतो.

अडचण ही की गवत लावणं हे बी फेकण्याइतकं सोपं नाही. मारवेलचं बी हलकं, कुसळदार, वाऱ्यावर उडणारं. ताजं बी काही महिने उगवतही नाही. म्हणून मारवेलचे ठोंब लावतात, पावसाच्या तोंडावर, हात-दीड हातावर. मेहनत आहे. आणि दोन पावसाळे तिथे चराई थांबवावी लागते, म्हणजे मेंढपाळांशी बोलावं लागतं, त्यांना दुसरीकडे जागा द्यावी लागते. हे पत्रकाच्या एका ओळीत बसत नाही. टाकळ्याची ओळ इतकी लोकप्रिय होण्याचं हेच कारण असावं: तिच्यात कुणाशीच बोलावं लागत नाही.

पेरायचाच असेल तर

सल्ला टाकून द्या असं मी म्हणत नाही. योग्य जागी तो कामाचा आहे, फक्त नीट करायला हवा. माझ्या हातानं बी उगवून बघताना जे उपयोगी पडलं ते सांगते.

शेंगा तपकिरी झाल्या पण तडकल्या नाहीत, अशा वेळी, साधारण ऑक्टोबरच्या शेवटापासून, तोडायच्या. सावलीत वाळवून बडवायच्या. बी चकचकीत, कडेनं कापल्यासारखं तिरकं चौकोनी असतं. मूठभर बी रात्रभर पाण्यात टाका. सकाळी फुगलेलं किती आणि तसंच टणक किती, ते मोजा. टणकच जास्त निघेल. त्यातलं थोडं घेऊन दोन सँडपेपरच्या मध्ये घासा, चमक जाईपर्यंतच, आतला गर दिसेपर्यंत नाही. परत भिजवा, फुगतं. जास्त बी असेल तर पाणी उकळून खाली उतरवा, त्यात बी टाका आणि तसंच गार होऊ द्या. बी टाकून उकळत ठेवायचं नाही, शिजतं.

आता महत्त्वाचं. सगळं बी असं तयार करू नका. सगळं एकदम मऊ केलं तर वळवाच्या पहिल्या सरीला सगळंच उगवेल, आणि मग वीस दिवस पाऊस नाही आला की सगळंच करपेल. आपल्याकडे हे हमखास होतं. निम्मं घासलेलं, निम्मं तसंच, असं मिसळून पेरा. टणक बी म्हणजे झाडानं काढून ठेवलेला विमा आहे, तो आपण मोडायचा नाही. आधी जमिनीवरचं गाजरगवत उपटून घ्या, दाताळ्यानं माती खरवडा, मग दाट पेरा आणि माती ओढा. नुसतं फेकलेलं बी पहिल्या लोंढ्याबरोबर ओढ्यात जातं. बांधावर किंवा शेताच्या कडेला अजिबात नको. आणि रब्बीत परत यायचं आहे हे गृहीत धरा, कारण गाजरगवत येणार आहे.

शेवटी त्या शेंगा.

टाकळ्याची शेंग बारीक, दोरीसारखी, किंचित वाकलेली, जवळजवळ वीतभर लांब. माझ्या हातावर ठेवलेल्या शेंगा बोटाएवढ्या होत्या, सरळ, आणि दोन बियांच्या मध्ये खोल चर, जणू दोऱ्यानं आवळलेल्या. देठावर सोनेरी-तांबूस लव. सेना युनिफ्लोरा. पोरांची यात काही चूक नाही. पुणे-सोलापूर पट्ट्यात रस्त्याच्या कडेला आज तेच जास्त दिसतं आणि लोक त्यालाही तरोटाच म्हणतात. पण दोन पोती विदेशी तणाचं बी, देशी म्हणून, मेंढरांच्या गायरानावर पडायला चार महिने उरले होते.

ओळखायच्या खुणा लिहून दिल्यात, इथेही देते. पानावर पर्णिकांच्या किती जोड्या ते बघा. टाकळ्याला तीन, टोकाकडे रुंद. खालच्या दोन जोड्यांच्या मध्ये एकेक छोटी काडीसारखी ग्रंथी असते. फक्त सगळ्यात खालच्या जोडीतच असेल तर तो जुळा, ऑब्ट्युसिफोलिया. प्रत्येक जोडीत ग्रंथी, अंगभर लव आणि आखूड आवळलेली शेंग असेल तर युनिफ्लोरा. पर्णिका चार-पाच जोड्या आणि टोकदार असतील तर कासविंदा, त्याला रानटाकळाही म्हणतात. ते भाजीसाठी चुकूनही तोडू नका, त्याच्या शेंगा खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावली आहेत. आणि तरवड म्हणजे तरोटा नव्हे. तरवड हे मोठ्या पिवळ्या फुलांचं झुडूप या माळाचं जुनं मालक आहे, त्याला कुणी हात लावू नये.

पोती जाळून टाकायचं ठरलंय. शेंगा पूर्ण जळेपर्यंत आग ठेवायला सांगितलंय, कारण नुसत्या आचेनं हे बी मरत नाही, उलट उगवायला तयार होतं. गायरानाच्या उकरलेल्या कोपऱ्यात जूनमध्ये मारवेलचे ठोंब लावायचे आहेत, मेंढपाळ मामांनी तेवढा कोपरा सोडायला हो म्हटलंय. टाकळा शाळेच्या मागच्या उकिरड्यावर पेरायचा, त्याचं बी मात्र परत गोळा करावं लागेल.